सत्ताविसावा आठवडा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या पिढीने मुलींच्या शिक्षणासाठी आणि बायकांच्या नोकरीसाठी आयुष्य वेचले. त्याचे फळ आज समोर दिसते. बँकेच्या काउंटरवर, तलाठी कार्यालयात, अतिदक्षता विभागाच्या रात्रपाळीत, एसटीच्या कंडक्टरच्या जागेवर बाई आहे. त्या लढ्याचा उरलेला अर्धा भाग मात्र अजून तसाच आहे. ही बाई कामावर गेल्यावर तिच्या तान्ह्या मुलाजवळ कोण असते, हा तो भाग. आजचे व्याख्यान त्याच्या एका उत्तराविषयी आहे. ते उत्तर म्हणजे मुलाचा बाप.

सुरुवात कायद्यापासून करू. मातृत्व लाभ अधिनियम १९६१ सालचा. २०१७ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. हा मोठा विजय होता. सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळंतपणापासून रजा मोजली तर सत्ताविसाव्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम घडतात. आईची रजा संपते आणि बाळाच्या तोंडात पहिल्यांदा मुगाचे पाणी, मऊ भात, नाचणीची खीर पडू लागते. अंगावरचे दूध पुढेही सकाळ-संध्याकाळ चालू राहते. पण वाटी-चमचा कोणीही हातात धरू शकते.

मग तो चमचा कोण धरतो? आपल्याकडे त्याची चार उत्तरे रूढ आहेत. आजी गावाहून येते. सांभाळायला बाई ठेवली जाते. पाळणाघर शोधले जाते. आणि तिन्ही जमले नाही, तर आई राजीनामा देते. पाचवे उत्तर त्याच घरात राहत असते, आणि त्याचे नाव बैठकीत निघतच नाही.

आकडे पाहू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे घालवतात, ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. १५ ते ५९ या वयोगटात घरातल्या मुलांची, आजाऱ्यांची, वृद्धांची देखभाल करण्यात ४१ टक्के बायकांचा सहभाग आहे आणि पुरुषांचा २१.४ टक्के. ज्या बायका हे करतात त्यांचा रोजचा वेळ १४० मिनिटे, पुरुषांचा ७४. म्हणजे पाचातल्या जवळपास चार पुरुषांचा देखभालीशी संबंधच येत नाही, आणि ज्याचा येतो त्याचा वेळ बाईच्या सुमारे निम्मा.

यावर नेहमी एकच म्हणणे ऐकू येते: पुरुषाला ते जमत नाही, निसर्गानेच तशी घडण केलेली नाही. हे म्हणणे तपासून पाहिले गेले आहे.

इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच पालक झालेल्या माणसांच्या मेंदूचे निरीक्षण केले. २०१४ साली ते प्रसिद्ध झाले. मूल मुख्यतः सांभाळणाऱ्या आया, त्यांना हातभार लावणारे बाप, आणि ज्या घरात आई नाहीच अशा घरांत मूल वाढवणारे समलिंगी बाप, असे तीन गट होते. भीती आणि सावधपणाशी निगडित असलेला अमिग्डला हा भाग आयांमध्ये अधिक जागा दिसला. हातभार लावणाऱ्या बापांमध्ये समोरच्याचे मन ओळखणारे भाग अधिक जागे होते. मूल स्वतः वाढवणाऱ्या बापांमध्ये हे दोन्ही आढळले. शिवाय या दोन भागांमधला संपर्क, बाप मुलाबरोबर प्रत्यक्ष जितका वेळ घालवत होता, तितका वाढलेला होता. फिलिपाइन्समधल्या सेबू येथे ली गेटलर यांच्या गटाने ६२४ तरुणांचा काही वर्षे पाठपुरावा केला. बाप झालेल्यांचे टेस्टोस्टेरॉन उतरले, आणि रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलाचे करणाऱ्यांमध्ये ते सर्वांत कमी होते. मध्य आफ्रिकेतल्या जंगलात राहणाऱ्या आका लोकांमध्ये मानवशास्त्रज्ञ बॅरी ह्युलेट यांनी वर्षानुवर्षे काढली. तिथला बाप दिवसातला ४७ टक्के वेळ आपल्या तान्ह्या मुलाला उचलून घेतो किंवा त्याच्या हाताच्या अंतरावर असतो.

या तिन्ही ठिकाणांहून एकच गोष्ट निघते. देखभाल तासांनी शिकता येते. पहिल्या दिवशी आईलाही रडण्याचा अर्थ कळत नसतो. भूक, झोप, पोटदुखी, दात येणे, प्रत्येकाचे रडणे वेगळे असते आणि ते ओळखायला चोवीस तासांचा सहवास लागतो. बापाला तो सहवास मिळत नाही, म्हणून त्याला ते ऐकू येत नाही.

आता एका बापाची गोष्ट. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातले एडिसन हे गाव आज आपल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या ओळखीचे आहे. १९७०च्या सुमारास तिथल्या हायस्कुलात पॉला विझेनफेल्ड गणित शिकवत. पती स्टीफन स्वतंत्रपणे सल्लागाराचे काम करत; त्यांची मिळकत थोडी, पॉला यांची बरीच जास्त. घर पॉला यांच्या पगारावर चालत असे. १९७२ साली पहिल्या बाळंतपणात पॉला वारल्या. मुलगा जेसन वाचला.

स्टीफन यांनी ठरवले की मुलाला आपणच वाढवायचे. सामाजिक सुरक्षा कार्यालयात ते गेले. पॉला यांच्या पगारातून वर्षानुवर्षे वर्गणी कापली गेली होती. कमावता नवरा वारला, तर लहान मूल सांभाळणाऱ्या विधवेला त्या निधीतून दरमहा रक्कम मिळत असे. कमावती बायको वारली, तर विधुराला ती मिळत नव्हती. या लाभाचे कायद्यातले नावच आईचा लाभ असे होते. स्टीफन यांनी स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहिले. ते पत्र फिरत फिरत एका वकीलबाईंकडे पोचले. त्यांचे नाव रूथ बेडर गिन्सबर्ग.

गिन्सबर्ग तेव्हा अजून न्यायाधीश झाल्या नव्हत्या. स्त्रियांच्या हक्कांसाठी खटले लढवणाऱ्या प्राध्यापिका होत्या. जानेवारी १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद करताना त्यांनी स्टीफन यांना वकिलांच्या टेबलापाशी आपल्याजवळ बसवले. त्यांची मांडणी तिहेरी होती. हा नियम पॉला यांच्यावर अन्याय करतो, कारण पुरुषाइतकीच वर्गणी भरूनही त्यांच्या कुटुंबाला कमी संरक्षण मिळते. तो स्टीफन यांच्यावर अन्याय करतो, कारण त्यांना मूल वाढवण्याचा पर्याय राहत नाही. आणि तो जेसनवर अन्याय करतो. १९ मार्च १९७५ रोजी निकाल लागला, आठ विरुद्ध शून्य. न्यायमूर्ती रेन्क्विस्ट स्त्री-पुरुष समतेच्या खटल्यांत गिन्सबर्ग यांच्या बाजूने सहसा येत नसत. त्यांनीही मुलाच्या बाजूने विचार केला. उरलेल्या एकुलत्या पालकाचा सहवास मुलाला मिळावा हा हेतू असेल, तर तो पालक आई आहे की बाप याने काय फरक पडतो, असे त्यांचे मत होते.

या निकालाची आठवण इथे मुद्दाम काढली. बाप घरी राहण्याचा प्रश्न स्त्रियांच्या चळवळीपासून वेगळा नाही, हे गिन्सबर्ग यांनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखले होते. बाईच्या कमाईला दुय्यम मानणारा कायदा आणि पुरुषाच्या देखभालीला जागाच न देणारा कायदा, हा एकच कायदा असतो.

अमेरिकेत न्यायालयाने जे केले, ते स्वीडनने संसदेत केले, आणि तिथला अनुभव आपल्याला फार उपयोगाचा आहे. १ जानेवारी १९७४ पासून स्वीडनने मातृत्व रजा काढून टाकली आणि तिच्या जागी पालक रजा आणली, आई-बाप कोणीही घ्यावी. जगात असे करणारा तो पहिला देश. पहिल्या वर्षी पुरुषांनी एकूण रजेपैकी किती दिवस घेतले? सुमारे अर्धा टक्का.

सरकारने प्रचार केला. १९७८च्या एका पोस्टरवर लेनार्ट डालग्रेन हा नामांकित वेटलिफ्टर आपल्या भल्यामोठ्या दंडांवर तान्हे बाळ घेऊन उभा होता. पोस्टर गाजले. रजेचे आकडे फार हलले नाहीत. कारण साधे होते. बापाच्या वाट्याचे दिवस एक सही करून आईच्या नावावर देता येत, आणि बहुतेक घरांत ती सही होत असे. ऑफिसातला साहेब विचारी, बायको आहे ना घरी? घरचे विचारीत, पगार कोणाचा जास्त? दोन्ही प्रश्नांची उत्तरे आईलाच घरी बसवत.

शेजारच्या नॉर्वेने १९९३ साली चार आठवडे फक्त बापासाठी राखून ठेवले. घेतले नाहीत, तर बुडाले. त्याआधी चार टक्क्यांहून कमी बाप रजा घेत. काही वर्षांतच हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेले. स्वीडनने १९९५ पासून एक महिना राखला, २००२ मध्ये दुसरा, २०१६ मध्ये तिसरा. आज तिथे एका मुलामागे ४८० दिवस असतात. त्यांतले ९० दिवस आईचे आणि ९० बापाचे, एकाचे दुसऱ्याला देता येत नाहीत. एकूण ४८० पैकी ३९० दिवसांसाठी ठरावीक मर्यादेपर्यंत पगाराच्या सुमारे ८० टक्के रक्कम विम्यातून मिळते, थेट मालकाच्या खिशातून नाही. बापांचा वाटा आता एकूण दिवसांच्या तीस टक्क्यांच्या आसपास आहे.

म्हणजे पुरुषांचे मन आधी बदलले आणि मग त्यांनी रजा घेतली, असे घडले नाही. रजा त्यांच्या नावावर आली, साहेबाला नाही म्हणता येईना, आणि माणसे घरी राहिली. स्टॉकहोमच्या उद्यानांत बाबागाडी ढकलणारे बाप आज परक्या पाहुण्यांखेरीज कोणाचे लक्ष वेधून घेत नाहीत.

तरीही हे चित्र गुळगुळीत करून सांगू नये. १९९५च्या सुधारणेचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना असे दिसले की बापांनी तो महिना घेतला खरा, पण मूल आजारी पडल्यावर घरी कोण राहते, या वाटणीत त्यानंतर फारसा फरक पडला नाही. एका महिन्याने सवय लागत नाही. दुसऱ्या एका अभ्यासातून वेगळी गोष्ट समोर आली. २०१२ पासून स्वीडनने आई आणि बाप दोघांना पहिल्या वर्षात काही दिवस एकाच वेळी घरी राहायची मुभा दिली. बाप हवे तेव्हा घरी थांबू शकला, तेव्हा बाळंतिणींना पहिल्या सहा महिन्यांत लिहून दिल्या जाणाऱ्या चिंतेवरच्या औषधांत २६ टक्के घट झाली. बाप घरी असल्याचा गुण आईच्या अंगी असा उतरतो.

आता आपल्या देशात येऊ. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रातल्या बापासाठी कायदा नाही. झोमॅटोने २०१९ साली बापांनाही २६ आठवडे जाहीर केले. पण ती त्या कंपनीची मर्जी आहे, कामगाराचा हक्क नाही. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पितृत्व रजेला जागा मिळाली नाही. २०१७ मध्ये एका खासदाराने लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले होते. ते होते हिंगोलीचे राजीव सातव. पंधरा दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंतची रजा आणि तीही असंघटित क्षेत्रापर्यंत पोचावी, असा त्यांचा प्रयत्न होता. विधेयकाचा कायदा झाला नाही. २०२१ मध्ये सातव अकाली गेले. मराठवाड्यातल्या एका तरुण खासदाराने हा विषय देशाच्या सभागृहात नेला होता, हे महाराष्ट्राने विसरू नये.

आणि बालसंगोपन रजा? केंद्रात स्त्री कर्मचाऱ्याला संपूर्ण सेवेत ७३० दिवस मिळतात. २०१८ पासून पुरुषालाही मिळतात, पण तो अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित असला तरच. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुषाला ती मिळते ती पत्नी हयात नसेल तर, किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर. स्टीफन विझेनफेल्ड आज महाराष्ट्र शासनाच्या सेवेत असते, तर त्यांना ही रजा मिळाली असती. पण पॉला जगल्या असत्या आणि शाळेत परत रुजू होऊ पाहत असत्या, तर एक दिवसही मिळाला नसता.

याच्या अगदी उलट टोकाला १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम उभा आहे. त्यानुसार मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप, त्याच्यानंतर आई. गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाला त्याचा अर्थ लावून आईला जागा करून द्यावी लागली. कागदावर बाप पहिला, आणि दूध गरम करायच्या वेळी त्याला कोणी हाक मारत नाही. अंगणवाडीतून मिळणारे कार्ड माता व बाल संरक्षणाचे, बसस्थानकावरचा हिरकणी कक्ष आईसाठी. तो असलाच पाहिजे, कारण अंगावर पाजायला आडोसा हवा. पण सहा महिन्यांच्या मुलाला घेऊन एकट्याने निघालेल्या बापाला लंगोट बदलायला त्याच स्थानकावर एक फळीसुद्धा सापडत नाही.

आणि माणसांचे बोलणे. हा सर्वांत अवघड भाग आहे. १९७६ मध्ये मुलगा रोहन जन्मला, तेव्हा सुनील गावसकर परदेश दौऱ्यावर होते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. २०२०च्या डिसेंबरमध्ये विराट कोहली ॲडलेडची कसोटी संपवून पत्नीच्या बाळंतपणासाठी मायदेशी आला, तेव्हा कर्णधाराने संघ सोडावा का, यावर देशभर वाद झाला. भारत त्या कसोटीत ३६ धावांत गुंडाळला गेला होता. कप्तानी डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेकडे आली. मेलबर्नला त्याने शतक काढले आणि भारताने मालिका २-१ने जिंकली. एक माणूस घरी गेला म्हणून काम अडले नाही.

क्रिकेटपटूचे निभावते. साध्या माणसाचे काय होते, ते केरळच्या परिचारिकांच्या कथेत दिसते. १९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि मल्याळी नर्सेसना तिकडे मागणी आली. आधी बायका गेल्या, मग त्यांच्या मागून नवरे. बायका रात्रपाळी करत. मुलांना उठवणे, जेवू घालणे, शाळेत सोडणे नवऱ्यांकडे आले. समाजशास्त्रज्ञ शीबा जॉर्ज यांनी या कुटुंबांवर पुस्तक लिहिले आहे. या पुरुषांना गावाकडे नर्सचा नवरा म्हणून हिणवले जाई. गेलेली पत त्यांनी चर्चच्या समित्यांवर पदे घेऊन परत मिळवायचा प्रयत्न केला. मुलाला न्हाऊ-माखू घालण्याने पत वाढते असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पत्नीच्या व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या आपल्या काही मराठी तरुणांनाही हा अनुभव आहे. एच-४ व्हिसावर असलेल्या जोडीदाराला २०१५ पर्यंत नोकरीची परवानगीच नव्हती. त्यानंतरही ती ठरावीक लोकांनाच मिळते. फोनवर नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, मग तू दिवसभर करतोस काय?

या प्रश्नाचे खरे उत्तर लांबलचक आहे. सकाळी साडेपाचला उठणे. दूध, शी-शू, आंघोळ, कोवळे ऊन, खिमटी, झोप. उठल्यावर पुन्हा तेच. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. ताप आला तर रात्रभर पट्ट्या. मधल्या वेळात स्वयंपाक आणि धुणे. ज्या घरात बाप रिक्षा चालवतो आणि आई नर्स आहे, तिथे हे पाळ्या लावून आजही चाललेले असते. पण त्या घराचे कौतुक कोणी करत नाही, आणि तो बापही हे काम चारचौघांत सांगत नाही.

घरी राहणाऱ्या बापाने काही गोष्टी डोळसपणे पाहायला हव्यात. नोकरीत खंड पडतो, परत जाताना पगार घसरतो. डेन्मार्कच्या आकडेवारीतून हेनरिक क्लेवेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पहिल्या मुलानंतर आईची कमाई दीर्घकाळासाठी सुमारे २० टक्क्यांनी मागे पडते, बापाची जवळपास तशीच राहते. बाप घरी राहिला, तर ही तूट त्याच्या वाट्याला येईल. म्हणून बचत, घर, विमा हे सर्व दोघांच्या नावे असावे, जसे ते गृहिणीसाठीही असायला हवे. एकटेपणा हाही खरा आहे. सोसायटीच्या बागेत सकाळी अकराला दुसरा बाप भेटत नाही. आईसाठीही एक पथ्य आहे. संध्याकाळी घरी आल्यावर बापाने भरवलेल्या भाताची, घातलेल्या झबल्याची उलटतपासणी घेऊ नये. त्याची पद्धत वेगळी असेल. न्यूझीलंडच्या तत्कालीन पंतप्रधान जसिंडा आर्डर्न जून २०१८ मध्ये आई झाल्या आणि सहा आठवड्यांनी कामावर परतल्या; मूल त्यांचे जोडीदार क्लार्क गेफर्ड यांनी सांभाळले. त्याच सप्टेंबरात तिघे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला गेले. देश चालवणाऱ्या बाईला हे शक्य झाले, कारण घरातल्या माणसावर तिने पूर्ण भिस्त ठेवली.

श्रोतेहो, या सगळ्यातून आपल्यापुढे काही कामे येतात, आणि ती अगदी हातात घेण्याजोगी आहेत. पितृत्व रजा बाळंतपणाच्या पंधरवड्यापुरती नको; तिचा मोठा भाग सत्ताविसाव्या आठवड्यापासून पुढे, आई कामावर रुजू झाल्यावर, बापाने एकट्याने घ्यायचा असावा. ती आईला देता येऊ नये. तिचा खर्च एकट्या मालकावर टाकू नये. आज बऱ्याच ठिकाणी मातृत्व रजेचा पगार मालकाला द्यावा लागतो, म्हणून तरुण बाईला नोकरी देतानाच हात आखडतो. विम्यातून पैसे दिले आणि रजा दोघांनाही असली, तर ती भीती उरत नाही. नगरपालिकांनी बसस्थानके, दवाखाने आणि बागांमध्ये बापालाही वापरता येईल अशी मुलाचा लंगोट बदलण्याची जागा करावी. लसीकरणाच्या दिवशी आशाताईंनी बापाचाही फोन नंबर लिहून घ्यावा. घरातल्या आजी-आजोबांनी मुलाला घरी बसलेला म्हणू नये.

आणि यांतले एक काम तर संसदेची वाट न पाहता मुंबईत मंत्रालयात होऊ शकते. राज्य शासनाने आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांच्या बालसंगोपन रजेतून पत्नी हयात नसल्याची किंवा अंथरुणाला खिळल्याची अट काढून टाकावी, आणि पत्नी नोकरीवर रुजू झाली हे कारण त्यासाठी पुरेसे मानावे. त्याला एक शासन निर्णय लागतो. हे निवेदन आजच्या सभेतर्फे द्यावे, अशी अध्यक्षांना विनंती आहे.